शेअर्ड होस्टिंगवरून मेल पाठवताना तासाची मर्यादा कशी मोजावी आणि कशी सांभाळावी

महाराष्ट्रात सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस सभासदांना १४ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. मी ज्या संस्थेच्या संकेतस्थळाचे काम पाहतो, तिच्या सचिवांनी एका संध्याकाळी सभासदांच्या यादीवरून ६४० पत्त्यांवर ही नोटीस पाठवली, पडद्यावर ‘६४० मेल पाठवले’ असे आले आणि त्यांनी निर्धास्तपणे संगणक बंद केला. तीन दिवसांनी ‘नोटीस मिळाली नाही’ असे फोन येऊ लागले, तेव्हा आम्ही सर्व्हरवरील नोंदी उघडून पाहिल्या. होस्टिंग कंपनीने एका डोमेनसाठी तासाला २०० मेलची मर्यादा घातलेली होती. पहिले २०० मेल गेले, पुढचे ५० रांगेत थांबून नंतर गेले आणि उरलेले ३९० सर्व्हरने टाकून दिले. पडद्यावरचा तो संदेश खोटा नव्हता; वेबसाइटने ६४० मेल सर्व्हरच्या हाती खरोखरच दिले होते, परंतु हाती देणे आणि पोहोचणे या दोन गोष्टींमध्ये जी मर्यादा उभी असते, तिची आम्हाला कल्पना नव्हती.

शेअर्ड होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर शेकडो ग्राहकांची खाती असतात आणि त्या सर्वांचे मेल बहुतेक वेळा एकाच आयपी पत्त्यावरून (सर्व्हरच्या इंटरनेटवरील क्रमांकावरून) बाहेर पडतात. जीमेल, याहू, आउटलुक यांसारख्या सेवा मेल स्वीकारताना त्या आयपीची पत पाहतात. एका खात्यातून तासाभरात काही हजार नको असलेले मेल गेले, तर तो आयपी स्पॅमहाउससारख्या काळ्या यादीत जाऊ शकतो आणि मग शेजारच्या खात्यातील दवाखान्याचे अपॉइंटमेंटचे मेल किंवा दुकानाची बिलेही अडकतात. म्हणून ही मर्यादा चुकवण्याच्या युक्त्या शोधू नयेत असे माझे ठाम मत आहे. ती शेजाऱ्यांइतकीच आपल्यालाही राखते.

पहिले काम म्हणजे आपली मर्यादा नेमकी किती आहे ते शोधून लिहून ठेवणे. तासाला १०० ते ५०० यांच्या दरम्यानचा आकडा अनेक कंपन्यांत दिसतो, परंतु तो बहुधा जाहिरातीच्या पानावर नसतो. वापराच्या अटींमध्ये किंवा मदत विभागाच्या लेखांत असतो. तेथे न सापडल्यास कंपनीला लेखी चार प्रश्न विचारावेत: मर्यादा तासाची आहे की दिवसाची, ती मेलबॉक्सनिहाय आहे, डोमेननिहाय आहे की संपूर्ण खात्यासाठी आहे, वेबसाइटच्या स्क्रिप्टमधून (आपोआप चालणाऱ्या लहान प्रोग्राममधून) जाणारे मेल त्यात धरले जातात का, आणि मर्यादा ओलांडल्यावर मेल रांगेत राहतो की टाकून दिला जातो. सीपॅनेल (होस्टिंग खाते ब्राउझरमधून सांभाळण्याचे सॉफ्टवेअर) असलेल्या सर्व्हरवर ही मर्यादा सहसा डोमेनला लागते, तर प्लेस्क या तशाच सॉफ्टवेअरमध्ये मेलबॉक्स, डोमेन आणि सबस्क्रिप्शन या तिन्ही पातळ्यांवर ती वेगवेगळी ठेवता येते. त्यामुळे एका कंपनीचा अनुभव दुसरीकडे जसाच्या तसा लागू होईल असे धरू नये.

मोजताना सर्वांत जास्त चूक होते ती मेल आणि प्राप्तकर्ता यांच्यात. एकच मेल लिहून बीसीसीमध्ये ८० पत्ते घातले, तर आपल्या दृष्टीने तो एक मेल असतो, परंतु मर्यादेच्या हिशोबात सर्वसाधारणपणे तो ८० धरला जातो. त्याशिवाय संकेतस्थळ स्वतःहून पाठवत असलेले मेलही त्याच खात्यात जमा होतात: पासवर्ड बदलण्याचे दुवे, ऑर्डरची पोच, संपर्क फॉर्मची सूचना, नव्या प्रतिक्रियेची सूचना. एखाद्या ऑनलाइन दुकानात एका ऑर्डरमागे ग्राहकाला दोन आणि मालकाला एक असे तीन मेल जात असतील, तर सणाच्या दिवशी तासाला ४० ऑर्डर येताच १२० मेल होतात. सचिवांची नोटीस अडली त्या संध्याकाळी संस्थेच्या सभासदांना पासवर्ड बदलण्याचे दुवेही मिळत नव्हते, याचे कारण हेच होते.

मर्यादा ओलांडल्याची खूण परत आलेल्या मेलमध्ये असते आणि तो मेल शब्दशः वाचावा. सीपॅनेलच्या सर्व्हरवर ‘हॅज एक्सीडेड द मॅक्स ईमेल्स पर अवर’ असे शब्द आणि त्यापुढे कंसात आकडे व टक्केवारी येते. वाक्याच्या शेवटी ‘मेसेज विल बी रीअटेम्प्टेड लेटर’ असेल तर मेल रांगेत आहे आणि त्याला हात लावू नये. ‘मेसेज डिस्कार्डेड’ असेल तर तो नष्ट झाला, तो पुन्हा पाठवावा लागेल. मर्यादेच्या १२५ टक्क्यांपर्यंतचे मेल रांगेत ठेवावेत आणि त्यापुढचे टाकून द्यावेत, ही तेथील मूळ मांडणी असते. आमचे ५० आणि ३९० हे आकडे त्यातूनच आले. हा परतीचा मेल आम्हाला दिसला नाही, याचे कारण लक्षात घेण्याजोगे आहे. स्क्रिप्टमध्ये परतीचा पत्ता वेगळा दिलेला नसेल, तर परत येणारे मेल होस्टिंग खात्याच्या मूळ मेलबॉक्समध्ये जाऊन पडतात आणि तो मेलबॉक्स सहसा कोणी उघडत नाही. आज सवड काढून तो एकदा उघडून पाहावा, आणि सीपॅनेलमधील ‘ट्रॅक डिलिव्हरी’ या पानावर गेल्या काही दिवसांत कोणते मेल अडले तेही तपासावे.

यादी मोठी असेल तर मेल टप्प्याटप्प्याने पाठवावेत. हिशोब सोपा आहे. मर्यादा २०० असेल तर त्यातले ४० संकेतस्थळाच्या नेहमीच्या मेलसाठी राखून ठेवावेत. उरलेल्या १६० चे दर १५ मिनिटांना ४० असे चार भाग पडतात. ६४० पत्त्यांचे असे १६ टप्पे होतात आणि पहिला टप्पा संध्याकाळी ६ वाजता सुटला तर सोळावा रात्री पावणेदहाला सुटतो. पीएचपीलिस्ट या यादीला मेल पाठवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये टप्प्याचा आकार आणि दोन टप्प्यांमधील अंतर ठरवण्याची सोय आहे, वर्डप्रेसवरील मेलपोएटमध्येही ‘इतक्या मिनिटांना इतके मेल’ असे सांगता येते, आणि स्वतःची स्क्रिप्ट असेल तर क्रॉन जॉबने (ठरलेल्या वेळी काम आपोआप चालवणाऱ्या सोयीने) दर १५ मिनिटांनी ती चालवून प्रत्येक पत्त्यापुढे ‘पाठवला’ अशी नोंद डेटाबेसमध्ये करावी. ही नोंद टाळू नये. वीज गेली, स्क्रिप्ट मध्येच थांबली, तर पुढे कोठून सुरू करायचे हे केवळ तीच सांगते. मात्र मर्यादेला अगदी चिकटून वेग ठेवू नये. कोणत्या क्षणापासून कोणत्या क्षणापर्यंतचा तास सर्व्हर मोजतो हे आपल्या हातात नसते.

नोटिशीला जोडलेली पीडीएफ फाइल हा दुर्लक्षिला जाणारा भाग आहे. मेलमध्ये जोडलेली फाइल पाठवताना मजकुराच्या रूपात बदलली जाते आणि तिचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. आमचा अहवाल ५ एमबीचा होता. ६४० जणांना तो जोडून पाठवणे म्हणजे ४ जीबीहून अधिक मजकूर सर्व्हरमधून बाहेर ढकलणे. अहवाल संकेतस्थळावर ठेवून मेलमध्ये त्याचा दुवा द्यावा. फार तर नोटिशीचे एक पान जोडावे.

जुन्या पत्त्यांचा प्रश्न मात्र याहून गंभीर आहे. अनेक सर्व्हरवर पाठवलेल्या मेलच्या मर्यादेसोबत अयशस्वी मेलचीही वेगळी मर्यादा असते आणि ती पुष्कळ लहान असते. बंद पडलेले, चुकीच्या स्पेलिंगचे, नोकरी सोडल्यावर रद्द झालेले पत्ते यादीत राहिले, तर २०० चा आकडा गाठण्याआधीच डोमेनचे मेल थांबतात. म्हणून प्रत्येक मोठ्या पाठवणीनंतर कायमचे परत आलेले पत्ते यादीतून काढावेत. परतीच्या मेलमधील कोड ५ ने सुरू होत असेल तर नकार कायमचा असतो, ४ ने सुरू होत असेल तर तात्पुरता. पण ५ चा कोड दिसला म्हणून पत्ता लगेच काढू नये, शेजारचे कारण वाचावे. आपला मेल स्पॅम म्हणून नाकारला गेला असेल तर दोष पत्त्याचा नसतो.

संपर्क फॉर्ममुळेही असेच मेल अयशस्वी होतात. पुष्कळ फॉर्म भेट देणाऱ्याचाच पत्ता ‘प्रेषक’ म्हणून लावतात. याहूने एप्रिल २०१४ मध्ये आपल्या पत्त्यांसाठी डीमार्कचे (आपल्या डोमेनच्या नावाने आलेल्या खोट्या मेलचे काय करावे हे सांगणाऱ्या नोंदीचे) कडक धोरण लागू केल्यापासून, याहूचा पत्ता लावून परक्या सर्व्हरवरून गेलेला मेल नाकारला जातो. प्रेषक म्हणून आपल्याच डोमेनचा पत्ता ठेवावा आणि भेट देणाऱ्याचा पत्ता ‘रिप्लाय टू’मध्ये घालावा.

यादी हजारांच्या घरात गेली की शेअर्ड होस्टिंगवर ओढाताण करण्यात अर्थ नाही. वैयक्तिक जीमेल खात्यालाही दिवसाला ५०० आणि गूगल वर्कस्पेसच्या खात्याला २,००० अशी मर्यादा आहे, त्यामुळे तेथे वळूनही प्रश्न सुटत नाही. अशा वेळी घाऊक मेलसाठीच असलेली सेवा घ्यावी, उदाहरणार्थ अ‍ॅमेझॉन एसईएस, जिची मुंबई विभागातही सोय आहे. तिचे नवे खाते सुरुवातीला चाचणी अवस्थेत असते, त्यात २४ तासांत २०० मेल आणि तेही पडताळलेल्या पत्त्यांवरच जातात. पूर्ण परवानगीसाठी अर्ज करावा लागतो. म्हणून सभेच्या आदल्या दिवशी ही धावपळ करू नये. सेवा जोडताना डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) तिची डीकेआयएम नोंद (मेलवरील डिजिटल सही तपासण्याची किल्ली) घालावी, आणि एसपीएफमध्ये (डोमेनच्या वतीने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्या यादीत) बदल सांगितला असेल तर दुसरी एसपीएफ ओळ न घालता असलेल्या ओळीतच भर घालावी; एका डोमेनला एकच एसपीएफ नोंद चालते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रेषकांना एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क ही तिन्ही, तसेच जाहिराती व वार्तापत्रांसाठी एका क्लिकमध्ये नाव काढण्याची सोय सक्तीची केली आहे. गूगलच्या लेखी जीमेल खात्यांवर दिवसाला सुमारे ५,००० मेल म्हणजे मोठा प्रेषक, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली राहाव्यात अशी त्याची अपेक्षा आहे. लहान प्रेषकांनीही या नोंदी घालाव्यात. सीपॅनेलमधील ‘ईमेल डिलिव्हरेबिलिटी’ हे पान एसपीएफ आणि डीकेआयएम तपासून दाखवते.

आपण काहीच पाठवले नसताना मर्यादा भरली, तर मात्र हिशोब बाजूला ठेवून आधी सुरक्षेकडे पाहावे. ‘ट्रॅक डिलिव्हरी’मध्ये एखाद्या मेलचा तपशील उघडला की ओळख पडताळणीची नोंद दिसते. तेथे ‘डोव्हकॉट लॉगिन’ असे असेल तर एखाद्या मेलबॉक्सचा पासवर्ड दुसऱ्याच्या हाती गेला आहे, तो तत्काळ बदलावा. ‘लोकलयूजर’ असे असेल तर मेल संकेतस्थळाच्या एखाद्या फाइलमधून जात आहेत, तेव्हा प्लगइन अद्ययावत करून अनोळखी फाइल शोधाव्यात आणि फॉर्मला कॅप्चा (भरणारा माणूस आहे की यंत्र हे तपासणारी चाचणी) लावावा.

कंपनीने मेल बंदच केले असतील तर मदत विभागाला लिहिताना परत आलेला संपूर्ण मेल, एका अडलेल्या मेलचा मेसेज आयडी, घटनेची वेळ आणि आपण काय दुरुस्त केले ते द्यावे. वेळ भारतीय प्रमाणवेळेनुसार आहे असे स्पष्ट लिहावे, कारण सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल तर साडेपाच तासांचा फरक पडतो आणि शोधणारा चुकीच्या नोंदी पाहत बसतो. मेल पुन्हा सुरू झाल्यावर संपूर्ण यादीला नव्याने पाठवू नये. टाकून दिलेल्या मेलचे पत्ते नोंदींतून वेगळे काढावेत, रांगेत असलेले वगळावेत, आणि तेवढ्यांनाच टप्प्याने पाठवावे. आम्ही ते ३९० पत्ते नोंदी पाहिल्याच्या दुसऱ्या दिवशी दर १५ मिनिटांना ४० याप्रमाणे दहा टप्प्यांत घेतले. सकाळी ९ वाजता सुरू केलेले काम सव्वाअकराला पूर्ण झाले आणि सभेला तेव्हा १७ दिवस बाकी होते.