बेंदराच्या बैलाची शिंगं
बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, जवळ आला की कोल्हापुरात वर्गावर्गात मातीचे बैल घडायला लागतात आणि दुसऱ्या दिवशी निम्म्यांची शिंगं बाकावर पडलेली असतात. मुलं पाण्याचं बोट लावून शिंग नुसतं चिकटवतात, तिथंच चुकतं. शिंगाच्या बुडाला आणि डोक्याला, दोन्हीकडं खिळ्यानं आडव्या-उभ्या रेघा ओढा, मातीची दाट राबडी लावा, दाबा आणि सांधा बोटानं पुसून एकजीव करा. शाडूला तडे जातात. मळताना भिजवलेल्या कागदाचा थोडा लगदा घाला. पाय जाडच हवेत, नाहीतर बैल उभा राहण्याऐवजी बसतो (मुलांना तोही चालतो म्हणा). वाळवण सावलीत, चार-पाच दिवस. पावसाळी हवेत जास्तच. रंग त्यानंतर. हात मात्र बादलीत धुवायला लावा, बेसिन तुंबतं.