वॉटर सोर्स हीट पंपाची पाइपलाइन : यंत्र जोडण्याआधी पाइप धुवा

वॉटर सोर्स हीट पंपांच्या व्यवस्थेत प्रत्येक दालनाचे यंत्र एकाच फिरत्या पाण्याच्या लूपला जोडलेले असते. जे यंत्र दालन थंड करते ते त्या पाण्यात उष्णता सोडते, आणि जे ऊब देते ते त्याच पाण्यातून उष्णता उचलते. हे पाणी साधारणपणे १५ ते ३२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राखतात : ते अधिक तापू लागले की कूलिंग टॉवर (पाण्याची उष्णता हवेत सोडणारा मनोरा) आणि अधिक निवू लागले की बॉयलर कामाला येतो. मुंबईसारख्या शहरात बॉयलरची गरज सहसा पडत नाही, मात्र पाइप टाकण्याची रीत तीच राहते. टॉवर उघड्या प्रकारचा असेल तर त्याचे धुळीचे व क्षारांचे पाणी थेट यंत्रांत सोडू नये. मध्ये प्लेट हीट एक्स्चेंजर (दोन पाणी न मिसळता एकाची उष्णता दुसऱ्याला देणारे साधन) बसवून इमारतीतील लूप बंदिस्त ठेवावा.

आखणी करताना यंत्राच्या थंडावा देण्याच्या क्षमतेच्या दर टनाला मिनिटाला सुमारे ११ लिटर पाणी धरावे, म्हणजे तीन टनांच्या यंत्राला साधारण ३४ लिटर. अंतिम आकडा मात्र उत्पादकाच्या तक्त्यातूनच घ्यावा. शक्य तेथे रिव्हर्स रिटर्न पद्धत स्वीकारावी. तीत ज्या यंत्राला पाणी सर्वांत आधी मिळते त्याचे पाणी परतीच्या पाइपात सर्वांत दूरवरून येते, त्यामुळे प्रत्येक यंत्राचा एकूण मार्ग जवळपास सारखा होतो आणि पंपाजवळच्या यंत्रांनीच पाणी ओढून घेण्याचा धोका कमी होतो. पाइप काळ्या पोलादाचा किंवा तांब्याचा घ्यावा. गॅल्व्हनाइज्ड पाइप टाळावा, कारण गंजरोधक रसायनांशी त्याच्या जस्ताचे जुळत नाही. या तापमानाला घरातील पाइपांवर इन्सुलेशन बहुधा लागत नाही, परंतु कोकणपट्टीच्या पावसाळी हवेत २० अंशांच्या पाण्याच्या पाइपालाही घाम सुटतो, तेव्हा पाणी इतके थंड राहणार असेल तर इन्सुलेशन घालावे.

प्रत्येक यंत्रापाशी येणाऱ्या व जाणाऱ्या दोन्ही पाइपांवर बॉल व्हॉल्व्ह, येणाऱ्या बाजूला स्ट्रेनर (गाळ अडवणारी जाळी), प्रवाह ठरावीक ठेवणारा व्हॉल्व्ह, आणि दाब व तापमान मोजण्याची छिद्रे असावीत. यंत्राशी शेवटची जोडणी लवचीक होजने करावी, म्हणजे कंप्रेसरची थरथर पाइपात उतरत नाही. होज ताणलेला, पिळलेला किंवा मुडपलेला नसावा. आवळताना एका पान्याने यंत्राचे टोक धरून दुसऱ्याने नट फिरवावा, नाहीतर आतली तांब्याची नळी पिळवटते. सर्वांत उंच जागी हवा काढण्याचा एअर व्हेंट आणि सर्वांत खाली पाणी सोडण्याचा ड्रेन हवाच.

दाबचाचणी यंत्रे वेगळी ठेवून आणि पाण्यानेच घ्यावी. दाबलेल्या हवेने पाइप फुटला तर जीवघेणा अपघात होऊ शकतो. चाचणीचा दाब सहसा कामाच्या दाबाच्या दीडपट ठेवतात, आणि कामाचा दाब काढताना दर १० मीटर उंचीला सुमारे एक बार (दाबाचे एकक) धरावा लागतो, हे तळमजल्यावरच्या जोडांसाठी विशेष महत्त्वाचे.

यानंतरची धुलाई ही या कामातील सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, आणि कामाची मुदत जवळ आली की नेमकी हीच गाळली जाते. वेल्डिंगची खपली, पाइपाला आटे पाडतानाचे तेल, टेफ्लॉनचे तुकडे आणि वाळू हे सारे पाइपातच राहिलेले असते. यंत्रातील उष्णता-विनिमयाची नळी अरुंद असते, आणि एकदा त्यात हा गाळ अडकला की तो काढणे अवघड होते. म्हणून प्रत्येक ठिकाणी यंत्र सोडून येणारा व जाणारा होज एकमेकांना जोडावा, बारीक वाटेचे व्हॉल्व्ह तात्पुरते काढावेत, आणि पंप लावून पाणी जोराने फिरवावे. पहिले गढूळ पाणी पूर्ण सोडून द्यावे, स्ट्रेनरच्या जाळ्या काढून धुवाव्यात, मग तेल सोडवणारे योग्य रसायन घालून पुन्हा फिरवावे, आणि पाणी स्वच्छ येऊन जाळ्या कोऱ्या राहीपर्यंत हाच क्रम चालू ठेवावा. बादलीत घेतलेल्या पाण्याचा तळ पाहिल्याशिवाय धुलाई संपली असे मानू नये.

आता होज यंत्रांना जोडावेत, लूप स्वच्छ पाण्याने व गंजरोधकाने भरावा आणि वरच्या व्हेंटमधून सगळी हवा काढावी. यंत्र थंडाव्यावर चालवून आत येणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या पाण्याचे तापमान मोजावे. वर धरलेल्या प्रवाहाला पाणी साधारण ५ ते ६ अंशांनी तापते. फरक बराच जास्त आला तर पाणी कमी पडते आहे, म्हणून आधी स्ट्रेनर, मग पाइपात अडकलेली हवा आणि शेवटी प्रवाहाचा व्हॉल्व्ह तपासावा. हे आकडे यंत्रावर चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवावेत, आणि काही दिवस चालल्यानंतर स्ट्रेनर पुन्हा एकदा उघडावेत.