न्यूरोजेनेटिक्सच्या लॅबमध्ये नवीन आलात? मग या चुका टाळा

दरवर्षी लॅबमध्ये नवीन मुलं येतात, हुशार असतात, पायथॉन येतं, आर येतं (डेटावर काम करायच्या कॉम्प्युटरच्या भाषा) आणि पहिल्याच आठवड्यात विचारतात, मॅडम डेटा कधी मिळणार? आणि दरवर्षी चुका मात्र त्याच. हंटिंग्टन (घराण्यातून उतरणारा मेंदूचा आजार, हातपाय आपोआप हलतात, तोल जातो, बुद्धी ढासळते) असो, पार्किन्सन असो नाहीतर अल्झायमर, फरक पडत नाही. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतेय.

सगळ्यात जास्त जीव जळतो तो फॉर्मवर "फॅमिली हिस्ट्री : नाही" असं लिहून मोकळं होण्यावर. अहो, "घरात कुणाला हंटिंग्टन आहे का" असं विचारल्यावर गावाकडचा माणूस काय सांगणार? त्याने ते नावच ऐकलेलं नसतं.

काही वर्षांपूर्वी एक तेरा वर्षांचा मुलगा आला होता (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). अक्षर बिघडलेलं, अभ्यासात अचानक मागे पडलेला, पाय ताठ. विल्सन डिसीजची (शरीरात तांबं साठण्याचा आजार) तपासणी झालेली, निगेटिव्ह. फॉर्मवर हिस्ट्री अर्थातच "नाही". सोबत आई आणि वडिलांची आई. वडील आधीच गेलेले. मी आजींजवळ बसले आणि विचारलं, मुलगा कशाने गेला हो तुमचा? म्हणाल्या, "लोक म्हणतात दारूनं." मग जरा थांबून, "पण बाई, तो कधी प्यायचाच नाही. चालायचाच तसा झोकांड्या खात. हाताला चैन नाही, कप दिला की बशीवर नुसता वाजत राहायचा." आणि तुमचे मालक? "त्यांचंही शेवटी तसंच झालं, पण आम्ही म्हटलं वय झालं."

तीन पिढ्या, प्रत्येक पिढीत आधीपेक्षा लवकर सुरुवात, आणि वारसा वडिलांच्या बाजूने. हंटिंग्टनची याहून स्पष्ट हिस्ट्री काय असते? आणि फॉर्मवर "नाही"!

माझी सवय सांगते. मोठा कोरा कागद, पेन्सिल, आणि घरातली सगळ्यात म्हातारी बाई. आजाराचं नाव घ्यायचंच नाही. कोण लवकर गेलं, कोणाला लोक वेडा किंवा दारुडा म्हणायचे, कोणाचा तोल जायचा, शेवटी माणसं ओळखायचे का, आणि लग्न नात्यात झालंय का, मामाची मुलगी वगैरे. हा शेवटचा प्रश्न तरुणपणी सुरू होणाऱ्या पार्किन्सनमध्ये फार कामाचा, कारण पार्किनसारख्या जीनमुळे होणारे आजार आईकडची आणि वडिलांकडची अशा दोन्ही कॉप्या बिघडल्या की होतात. दोन तास जातात, जाऊ देत. व्हेनेझुएलात माराकाइबो तळ्याकाठी हंटिंग्टनच्या संशोधक नॅन्सी वेक्सलर आणि त्यांची टीम वर्षानुवर्षं घरोघरी जाऊन वंशावळी काढत राहिली, १८ हजारांवर माणसांच्या. वेक्सलर यांच्या स्वतःच्या आईला हंटिंग्टन होता. त्या कुटुंबांच्या जोरावर १९८३ मध्ये आजाराचा धागा चौथ्या क्रोमोसोमवर सापडला आणि १९९३ मध्ये जीन हाताला लागला. तुम्हाला दोन तास जड जातात?

आता दुसरी चूक, त्याच मुलाच्या बाबतीतली. मी आजींशी बोलत होते तेव्हा सॅम्पलची पीसीआर (डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या भरपूर कॉप्या करणं) आधीच झालेली होती आणि ज्युनिअरने रिपोर्टचा ड्राफ्टसुद्धा करून ठेवला होता, "१७/१७, नॉर्मल". ग्राफवर एकच पीक (टोक) दिसलं म्हणजे जीनच्या दोन्ही कॉप्या सारख्या, असं त्याने धरलं. तसं असूही शकतं, १७ सीएजी रिपीट्स (हंटिंग्टनच्या जीनमध्ये सी-ए-जी ही अक्षरं किती वेळा परत येतात ते) हा कॉमन आकडा आहे, म्हणून तर माणूस फसतो. २६ पर्यंत नॉर्मल, ३६ पासून आजाराची हद्द, ४० आणि त्याच्या वर आजार होणारच, हे त्याला पाठ होतं. पण रिपीट खूप लांब असेल तर साधी पीसीआर लहान कॉपीच वाढवत बसते आणि मोठी कॉपी दिसतच नाही, हे लक्षात आलं नाही. म्हणून लांब रिपीट पकडणारी रिपीट-प्राइम्ड पीसीआर लावली. १७ च्या पीकनंतर तीन-तीन बेसच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) अंतराने बारीक दात, कंगव्यासारखे, उंची कमी होत चाललेली पण रांग संपेचना, म्हणजे मोठी कॉपी होतीच. तो ड्राफ्ट गेला असता तर त्या पोराला अजून किती दवाखाने फिरवलं असतं कोण जाणे.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, एक पीक म्हणजे रिपोर्ट नाही, आधी दुसरी टेस्ट. सॉफ्टवेअरने दिलेला आकडा उचलून एक्सेलमध्ये टाकणाऱ्यांना मी परत पाठवते, आधी ग्राफ उघडून दाखवा म्हणते.

बाकीच्या पटापट.

एक्सोम (जीन्सच्या प्रोटीन बनवणाऱ्या भागांची तपासणी) निगेटिव्ह आला म्हणून एएलएस (स्नायू निकामी करणारा नसांचा आजार) किंवा फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियामध्ये (स्वभाव आणि भाषा बिघडवणारा स्मृतिभ्रंश) "जेनेटिक कारण नाही" असं लिहू नका. या आजारांमधला सी-नाइन-ऑर्फ-७२ जीनचा रिपीट (२०११ मध्ये सापडला) शेकड्यांनी, हजारांनी वाढतो, दीडशे बेसच्या रीडला (मशीन एका वेळी वाचतं तो तुकडा) तो पेलणार कसा?

पार्किनमध्ये अख्खा एक्सॉन (जीनचा एक तुकडा) गायब असू शकतो. सँगर (डीएनएची अक्षरं वाचणारी टेस्ट) करून एकच म्युटेशन मिळालं की थांबू नका, एमएलपीए (तुकडा गायब किंवा जास्त आहे का ते बघणारी टेस्ट) करा.

जीबीए१ च्या (पार्किन्सनचा धोका वाढवणारा जीन) जवळच त्याचा स्यूडोजीन (बंद पडलेली नक्कल) बसलाय, सिक्वेन्स जवळपास ९६ टक्के सारखा. रीड्स इकडचे तिकडे चिकटतात. माझा तरी लाँग-रेंज पीसीआर (लांब तुकडा वाढवणारी) केल्याशिवाय त्या जीनच्या कुठल्याच व्हेरियंटवर (डीएनएतल्या बदलावर) विश्वास बसत नाही. शिवाय जुन्या पेपरमधलं ४४४ नंबरचं म्युटेशन नवीन पद्धतीत ४८३ होतं, ही दोन वेगळी म्युटेशन्स नाहीत.

अल्झायमरच्या स्टडीला कंट्रोल (तुलनेसाठी निरोगी माणसं) म्हणून हॉस्टेलवरच्या पंचविशीतल्या पोरांचं रक्त घेऊ नका. सत्तरीत त्यांचं काय होणार हे तुम्हाला माहितेय का?

एपीओई-४ (अल्झायमरशी जोडलेला जीनचा प्रकार) म्हणजे निकाल नाही, रिस्क आहे.

युरोपियन डेटात दुर्मिळ दिसलेला व्हेरियंट आपल्याकडे सर्रास असू शकतो, साउथ एशियन फ्रिक्वेन्सी बघितल्याशिवाय पॅथोजेनिक (आजार घडवणारा) म्हणू नका.

रक्त घ्यायला हेपरिनची ट्यूब नको, ईडीटीएची घ्या, जांभळं बूच.

आणि एक शेवटचं. त्या मुलाला नऊ वर्षांची बहीण होती, ठणठणीत. रिझल्ट कळल्यावर आई म्हणाली, हिचंही रक्त घ्या. ज्युनिअरने सुई काढलीसुद्धा होती. मी थांबवलं. लक्षणं नसलेल्या लहान मुलांची हंटिंग्टनची टेस्ट करत नाहीत, ते मोठं झाल्यावर, कौन्सेलिंग घेऊन, ज्याचं त्याने ठरवायचं असतं. आईला समजावायला दुपार गेली, ती रडली, मग मुलीला घेऊन घरी गेली. वंशावळीत बायकांसाठी गोल काढतात, त्या मुलीचा गोल अजून कोराच आहे.