गोळी लागल्यानंतर घरी आलात? या चुका टाळा

गोळी लागलेला माणूस दवाखान्यातून घरी आला की भेटायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "गोळी काढली ना?" ती आतच आहे म्हटलं की घरात धाकधूक सुरू होते आणि कुणीतरी दुसरा सर्जन शोधायला निघतो. खरं तर गोळी किंवा तिचे तुकडे अनेकदा मुद्दाम आत ठेवलेले असतात. स्नायूत रुतलेला तुकडा काढायला जावं तर वाटेतल्या धडधाकट नसा (मज्जातंतू) आणि रक्तवाहिन्या दुखावतात. जी इजा व्हायची ती गोळी आत शिरतानाच झालेली असते.

याला अपवाद आहेत. सांध्यात अडकलेला तुकडा सहसा काढतात, कारण सांध्यातल्या द्रवात शिसं विरघळून रक्तात उतरतं. कधी कधी त्याचा त्रास काही वर्षांनी दिसतो: पोटात कळा, बद्धकोष्ठता, डोकेदुखी, सततचा थकवा, विसराळूपणा. तेव्हा जुन्या गोळीची आठवण कुणालाच राहत नाही. शरीरात तुकडे असतील तर रक्तातल्या शिशाची तपासणी कधी आणि किती वेळा करायची, हे डॉक्टरांना विचारून घ्या. एमआरआयच्या आधी तर तुकड्यांबद्दल सांगायलाच हवं. काही गोळ्यांमध्ये पोलाद असतं आणि एमआरआयचं चुंबक ते ओढतं. एखादा तुकडा हळूहळू वर सरकून त्वचेखाली खड्यासारखा हाताला लागला, तर तो ब्लेडने किंवा चिमट्याने काढायचा उद्योग घरी करू नका.

दुसरी तक्रार टाक्यांची. "एवढी जखम, आणि टाके घातलेच नाहीत!" अशा जखमेत घाण आणि कपड्याचे धागे आत ओढले गेलेले असतात, म्हणून ती बरेचदा उघडीच ठेवतात. ती तळापासून भरत वर यायला हवी. वरची कातडी आधी जुळली आणि खाली पोकळी राहिली, तर तिथे पू साचतो. ड्रेसिंग बदलताना सुकलेलं गॉज खसकन ओढलं की नव्याने भरलेलं लालसर, दाणेदार मांस त्याच्यासोबत निघून येतं. सलाईनने गॉज भिजवा, थोडं थांबा, मग अलगद सोडवा. हायड्रोजन पेरॉक्साईड आणि स्पिरिट रोज ओतल्यानेही तेच कोवळं मांस जळतं. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं की नाही, तेही कागदावर पाहून घ्या.

सर्वांत महाग पडते ती नसेच्या इजेबाबतची ढिलाई. मनगट किंवा पाऊल लुळं पडलंय, पण "येईल हळूहळू ताकद" म्हणत महिने जातात. नस पुन्हा वाढते ती साधारण दिवसाला 1 मिलिमीटर, त्यामुळे वाट पाहावी लागते हे खरंच. पण तोवर स्प्लिंट (सांधा नीट धरून ठेवणारा आधार) लावला नाही, सांधे रोज हलवले नाहीत, तर नस पोहोचेपर्यंत सांधा आखडून बसलेला असतो. तीन-चार महिन्यांत काहीच हालचाल परतली नाही तर नसांच्या सर्जनला दाखवा. फार उशीर झाला की स्नायूच सुकतो आणि मग शस्त्रक्रियेचाही उपयोग राहत नाही. बधिर पायावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, भाजलेलं कळत नाही.

पुढच्या भेटीच्या तारखेपर्यंत थांबायचं नाही अशा गोष्टी: जखमेजवळ ठोके लागणारी गाठ, भरत आलेल्या जखमेतून अचानक रक्त, एकाच पोटरीला सूज, धाप, ताप आणि दुर्गंधी. रक्त आलं तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा आणि लगेच निघा. पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल तर पोट फुगून उलट्या होणं हेही त्यातच धरा. प्लीहा (पोटात डावीकडचा, जंतूंशी लढायला मदत करणारा अवयव) काढली असेल तर साधा तापही अंगावर काढायचा नाही, आणि त्यासाठीच्या लसी घ्यायच्याच.

वेदनाशामकांचं एवढंच: डोस मनाने वाढवू नका, आणि मनाने एकदम बंदही करू नका.

मनाचं मात्र लोक शेवटी बघतात. गोळी कुणी हल्ल्यात झाडलेली असेल, तर तो साधा अपघात नव्हे. फटाका वाजला तरी दचकणं, झोप उडणं, त्या रस्त्याने जाणं टाळणं हे सुरुवातीला साहजिक आहे. महिना उलटूनही तसंच राहिलं तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. दारूने झोप लागते असं वाटतं, पण ती आणखी बिघडते. घरच्यांची हमखास चूक म्हणजे येणाऱ्या प्रत्येकासमोर "सांग ना, कसं झालं ते" असा आग्रह धरणं. हल्लेखोराची भीती अजून असेल तर तेही डॉक्टरांना किंवा दवाखान्यातल्या समाजसेवकाला सांगा, आणि घरी परतल्याचे फोटो, पत्ता कुठेही टाकू नका.

डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची टिपणं आणि एक्स-रे यांच्या दोन प्रती करा. एक कोर्टाच्या कामासाठी लागेल, दुसरी पुढच्या प्रत्येक डॉक्टरकडे सोबत न्या.