वरच्या वातावरणाचे अवरक्त उपकरण : आराखड्यातल्या या चुका टाळा

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावरून पाहिले तर मावळता सूर्य चेपलेला आणि लालसर दिसतो, कारण तेव्हा आपली नजर हवेच्या थरांतून आडवी जात असते. उपग्रहावरचे अवरक्त (उष्णतेचे अदृश्य प्रारण टिपणारे) उपकरण याच आडव्या नजरेने वरचे वातावरण मोजते. सुमारे ६२५ किलोमीटरवरच्या कक्षेतून पृथ्वीच्या कडेला १०० किलोमीटर उंचीवर रोख धरला, तर तिथल्या अवघ्या दोन किलोमीटर जाडीच्या थरातून दृष्टिरेषा तीनशे किलोमीटरहून जास्त अंतर जाते, आणि म्हणूनच इतक्या विरळ हवेचे प्रारण मोजता येते. रत्नागिरीत विद्यार्थ्यांकडून असे आराखडे करून घेताना मला आढळते की बहुतेक चुकांचे मूळ एकच असते : मोजायच्या प्रारणापेक्षा कितीतरी प्रखर काहीतरी अगदी शेजारी असते, याचा विसर पडतो.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे भटक्या प्रकाशाचा, म्हणजे दृष्टिक्षेत्राबाहेरून आत शिरणाऱ्या प्रारणाचा, हिशेब शेवटी करणे. वरील कक्षेतून तो १०० किलोमीटरचा बिंदू सुमारे २,६६० किलोमीटर दूर असतो, म्हणजे त्याच्या आणि पृथ्वीच्या उबदार कडेच्या दरम्यान जेमतेम दोन अंशांचे अंतर उरते. पहिल्या आरशावर बसलेली धूळ त्या उबदार भागाचे प्रारण डिटेक्टरकडे (प्रारण मोजणाऱ्या भागाकडे) विखुरते. आपल्याकडे खाऱ्या वाऱ्यात उघडा राहिलेला आरसा थोड्याच दिवसांत कसा धुरकटतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला स्वच्छतेची मर्यादा आराखड्याच्या पहिल्याच पानावर का लिहायची हे वेगळे सांगावे लागत नाही. आरसा अत्यंत गुळगुळीत घासलेला हवा, नको असलेला प्रकाश अडवणारे पडदे (बॅफल) बसवलेले हवेत, आणि दृष्टिक्षेत्राबाहेरून येणारे प्रारण उड्डाणापूर्वी प्रत्यक्ष मोजलेले हवे. कार्बन डायऑक्साइडच्या चॅनेलमध्ये (त्या वायूच्या तरंगलांबीच्या पट्ट्यात) दोनशे-अडीचशे किलोमीटर उंचीवरही संकेत शून्याजवळ येत नसेल आणि उरलेला भाग खालच्या ढगांप्रमाणे बदलत असेल, तर दोष इलेक्ट्रॉनिक्समध्ये शोधण्याआधी आरशाकडे वळावे.

उपकरण स्वतःही तळपत असते. ३०० केल्विन (सुमारे २७ अंश सेल्सिअस) तापमानाची कोणतीही वस्तू १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक प्रारण सोडते, म्हणून डिटेक्टर थंड ठेवावाच लागतो. २००१ च्या डिसेंबरमध्ये टाइम्ड उपग्रहावरून गेलेल्या सेबर या उपकरणात तो यांत्रिक शीतकाने सुमारे ७५ केल्विनला ठेवला आहे. ठरावीक तरंगलांबीचा पट्टाच आत सोडणाऱ्या फिल्टरची तपासणी मात्र अनेकदा खोलीच्या तापमानालाच उरकली जाते, आणि थंड झाल्यावर त्याचा पट्टा आखूड तरंगलांबीकडे सरकतो. ही तपासणी काम करण्याच्या तापमानालाच व्हायला हवी.

ओलाव्याचा धडा मला स्वतःच्या प्रयोगातून मिळाला. जुलैच्या एका आठवड्यात आमच्या थंड केलेल्या डिटेक्टरचा संकेत रोज थोडा कमी होत होता, आणि मी अॅम्प्लिफायरच उघडून बसलो. शेवटी टॉर्चच्या तिरप्या उजेडात पाहिले तेव्हा खिडकीच्या आतल्या बाजूला दवाचा तलम पापुद्रा दिसला. सीलमधून पावसाळी हवा आत झिरपत होती. अंतराळात बाहेर हवा नसली तरी इन्सुलेशनमध्ये आणि कार्बन फायबरच्या सांगाड्यात मुरलेले पाणी महिनोन्महिने बाहेर पडत राहते व सर्वांत थंड पृष्ठभागावर बर्फ होऊन बसते. एन्व्हिसॅट उपग्रहावरच्या मिपास उपकरणात असाच बर्फ साचत असे आणि तो घालवण्यासाठी थंड भाग अधूनमधून गरम करावे लागत. म्हणून भाग निर्वातात भाजून घ्यावेत, जोडणीपासून उड्डाणापर्यंत कोरडा नायट्रोजन फिरता ठेवावा, आणि गरम करण्याची सोय सुरुवातीलाच ठेवावी. ३ मायक्रॉनच्या आसपासचे चॅनेल इतरांपेक्षा लवकर मंदावू लागले, तर बर्फाचाच संशय घ्यावा.

आवरणाचा सैल तुकडाही घात करतो. २००४ मध्ये ऑरा उपग्रहावरून गेलेल्या हिर्डल्स उपकरणाच्या तोंडावर प्लास्टिकचा पापुद्रा आडवा आला आणि सुमारे ८० टक्के दृष्टिमार्ग बंद झाला.

उपकरणाच्या रोखाबद्दल एवढेच, की २,६६० किलोमीटर अंतरावर एका आर्कसेकंदाची (अंशाच्या ३,६००व्या भागाची) चूक सुमारे १३ मीटर होते. उंची एक किलोमीटरने चुकली तर घनतेत साधारण १५ टक्क्यांची चूक शिरते.

यानंतरची चूक कागदावरची आहे आणि ती यंत्र कितीही चांगले असले तरी सुटत नाही. साधारण ७५ किलोमीटरच्या वर रेणूंच्या टकरी इतक्या विरळ होतात की कार्बन डायऑक्साइडचे १५ मायक्रॉनचे प्रारण हवेच्या तापमानाचे सरळ माप राहत नाही. तिथे अणुरूप (सुट्या अणूंच्या) ऑक्सिजनशी होणाऱ्या टकरींतून ऊर्जा किती झपाट्याने दिली-घेतली जाते तो वेग लागतो, आणि प्रयोगशाळेत मोजलेला वेग वातावरणातील निरीक्षणांवरून काढलेल्या वेगाशी काही पटींनी जुळत नाही. सेबरमध्ये ९.६ मायक्रॉनचा ओझोनचा, १.२७ मायक्रॉनचा ऑक्सिजनचा आणि हायड्रॉक्सिलचे दोन असे चॅनेल आहेत. त्यांच्यावरून त्याच हवेतला अणुरूप ऑक्सिजनही काढता येतो. एकाच चॅनेलवर तापमान काढू पाहणाऱ्या आराखड्यात ही सोय नसते, म्हणून फिल्टरची मागणी नोंदवण्याआधी तापमानाचे गणित करणाऱ्या व्यक्तीला शेजारी बसवून, दिवसा आणि रात्री कोणकोणते आकडे लागतील याची यादी तिच्याकडूनच करून घ्यावी.