पाळणाघरातला आहार: या चुका टाळा

भिंतीवरच्या आठवड्याच्या आहारतक्त्यात धान्य, डाळ, भाजी, फळ, दूध सगळं असतं, तरी तक्रार एकच असते, "मुलं जेवतच नाहीत." मग लगेच पदार्थ बदलायची घाई सुरू होते. माझं म्हणणं असं की आधी घड्याळ बघा.

दोन खाण्यांच्या मध्ये दूध-बिस्किटं

एका पाळणाघरात मी सकाळभर बसून पाहिलं. साडेनऊला व्यवस्थित नाश्ता झाला. साडेदहाला एक मूल रडलं म्हणून त्याला कपभर दूध दिलं. ते पाहून बाकीच्यांनी हात पुढे केले, त्यांनाही मिळालं. सव्वाअकराला 'जेवणाला अजून वेळ आहे' म्हणून बिस्किटं आली. बाराला ताटं मांडली, तर कुणी तोंड उघडेना. दीड वर्षाची एक मुलगी चमचा दिसला की मान फिरवत होती. संचालिकाबाई म्हणाल्या, डाळीत थोडी साखर घालून बघू. मी म्हटलं, डाळीला हात लावू नका. दूध नाश्त्याबरोबर आणि दुपारच्या खाण्याबरोबरच द्या, मधल्या वेळेत फक्त पाणी. थोड्याच दिवसांत तीच डाळ मुलं खाऊ लागली.

प्रश्न फक्त भुकेचा नाही. दुधात लोह जवळजवळ नसतं आणि त्यातलं कॅल्शियम बाकीच्या अन्नातलं लोह नीट अंगी लागू देत नाही. 1 ते 2 वर्षांच्या मुलाला दिवसभरात साधारण अर्ध्या लिटरच्या वर दूध नको, तेही घरी प्यायलेलं धरून. म्हणून सकाळी मूल सोडायला आलेल्या आईबाबांना 'घरी किती दूध प्यायलं?' हे मी विचारतेच.

आळसाने कापलेली फळं

अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या श्वासनलिकेत बुचासारखं बसतं. आडव्या कापलेल्या गोल चकत्यांनीही तेच होऊ शकतं. द्राक्षाचे उभे चार भाग करा. कच्चं गाजर देऊ नका. वाफवून द्या आणि बोटांत दाबून बघा. सहज चिरडलं तरच ताटात जाऊ द्या. पाच वर्षांखाली अख्खे दाणे नकोत, पूड चालते. "इतकी वर्षं देतोय, काही झालं नाही" हे ऐकलं की मला राग येतो. घशात घास पूर्ण अडकलेलं मूल ओरडत नाही, त्याचा आवाजच बंद होतो. म्हणून मुलं बसूनच खातील आणि मोठं माणूस समोर बसलेलं असेल. त्या वेळी भांडी आवरायची नाहीत.

मापाचा चुकीचा अर्थ

आहाराच्या मार्गदर्शक सूचनांमधलं माप ताटात वाढण्यासाठी असतं, मुलाला ते संपवायला लावण्यासाठी नसतं. काय, कधी आणि कुठे द्यायचं हे मोठ्यांनी ठरवावं, किती खायचं हे मुलाने. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञांनी मांडलेली ही वाटणी मी काटेकोर पाळते. नवी भाजी आवडायला आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा समोर यावी लागते. नव्याने काम सुरू करणारे दोनदा नाकारली की ती तक्त्यातून काढून टाकतात. एवढा उतावळेपणा मुलांच्या आहारात चालत नाही.

आणखी काही

मध 1 वर्षाच्या आत नाही, शिजवूनही नाही; बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. फळांचा रस 1 वर्षाच्या आत नाहीच, नंतरही फळच बरं. शिजवलेला भात दोन तासांहून जास्त बाहेर राहिला तर टाकून द्या, कारण त्यात तयार झालेलं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. ॲलर्जीची यादी ऑफिसच्या फायलीत नको, जिथे ताटं वाढली जातात तिथे लावा.

आणि तयार तक्ता कुठून तरी उतरवून घेऊ नका. तुमच्या स्वयंपाकघरात जे शिजतं तेच लिहा. ऐनवेळी पालेभाजी मिळाली नाही तर दुसरी भाजीच करा, बटाटा नको, आणि तक्त्यावर त्याच दिवशी खोडून नवं नाव लिहा.