जुन्या लिनक्स हँडहेल्डला चालणारं वाय-फाय कार्ड कसं शोधावं

शार्पचा झॉरस एसएल-५५०० हा तळहातावर मावणारा लिनक्स संगणक, म्हणजे हँडहेल्ड, २००२ साली आला. त्याच्या पाठोपाठ सी-८६०, सी-३००० असे भाऊबंद आले. शिवाय कॉम्पॅकचे आयपॅकही आहेत, ज्यांवर हौशी लोकांनी लिनक्स चढवलं. यांच्या पोटात वाय-फाय नाही, ते कार्डाने लावावं लागतं. अशी कार्डं आता नवी मिळत नाहीत. छत्रपती संभाजीनगरच्या पैठण गेटवर मोबाइलच्या दुकानात ‘सीएफ’, म्हणजे कॉम्पॅक्टफ्लॅश, वाय-फाय कार्ड मागितलं, तर बहुतेक वेळा कॅमेऱ्याचं मेमरी कार्डच पुढ्यात येईल. मग जुन्या सामानाची दुकानं आणि ऑनलाइन सेकंडहँड विक्रेते उरतात. तिथे पैसे द्यायच्या आधी पुढच्या गोष्टी तपासा.

आधी घरचा राउटर

बहुतेक जण आधी कार्ड घेतात आणि मग राउटरशी भांडत बसतात. उलटं करा. ही जुनी कार्डं ८०२.११बी जातीची, म्हणजे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर आणि कागदावर ११ एमबीपीएस वेगाची. राउटरच्या सेटिंगमध्ये चार गोष्टी बघा. २.४ चा पट्टा चालू हवा. मोड ‘फक्त एन’ नको, बी-जी-एन मिश्र हवा. सुरक्षा डब्ल्यूपीए२ एईएस ठेवा. डब्ल्यूपीए३, किंवा ‘मॅनेजमेंट फ्रेम संरक्षण’ सक्तीचं केलेलं असेल तर जुनं कार्ड आत येणारच नाही.

चौथी गोष्ट सगळ्यात जास्त फसवते: चॅनेल. आपल्याकडचा राउटर ‘ऑटो’वर असताना कधी १२ किंवा १३ धरतो. अमेरिकेसाठी बनवलेल्या कार्डाला १ ते ११ एवढेच चॅनेल माहीत. काल दिसणारं नेटवर्क आज गायब झालं की माणूस कार्डाला दोष देतो. राउटरला १, ६ किंवा ११ वर पक्का बांधून टाका.

खाच ओळखा

एसएल-५५०० ला कॉम्पॅक्टफ्लॅशची खाच आहे, ५० पिनांची. टाइप १ कार्ड ३.३ मिलिमीटर जाड, टाइप २ कार्ड ५ मिलिमीटर. टाइप २ च्या खाचेत दोन्ही बसतात, टाइप १ च्या खाचेत जाड कार्ड जात नाही. सी-३००० ला आतली खाच मायक्रोड्राइव्हने (इवल्याशा हार्डडिस्कने) अडवलेली असते, बाहेरची मात्र मोकळी असते. आयपॅकला पाठीवर चढवायचं जॅकेट लागतं. त्यात सीएफ किंवा जुन्या लॅपटॉपांत लागायचं ते ६८ पिनांचं पीसीएमसीआयए कार्ड बसतं.

पीसीएमसीआयएच्या जातीत एक सापळा आहे. ज्या कार्डाच्या पिनांकडच्या टोकाला उंचवट्यांची सोनेरी पट्टी दिसते ते कार्डबस, म्हणजे ३२ बिटांचं. आपल्या १६ बिटांच्या खाचेत ते जात नाही, कारण कडेची खोबणच वेगळी असते. जोर लावून बसवू नका, पिना वाकतात.

एसडी खाचेकडे डोळाच टाकू नका. झॉरसच्या मूळ सिस्टीममधला एसडी ड्रायव्हर शार्पचा बंद कोडचा, आणि तो फक्त मेमरीपुरता आहे. एसडी वाय-फाय कार्ड त्यात मुकं राहतं. कॅमेऱ्यासाठी निघालेली ‘वाय-फाय मेमरी कार्डं’ तर वेगळाच प्रकार: ती फोटो पाठवतात, यंत्राला नेटवर्क देत नाहीत.

नाव नको, चिप बघा

सगळा खेळ इथे आहे. डब्यावरचं नाव आणि आतली चिप यांचा भरवसा नाही, कारण कंपन्या त्याच मॉडेल क्रमांकाखाली चिप बदलत. लिंक्सिसचं डब्ल्यूपीसी११ घ्या. तिसऱ्या आवृत्तीपर्यंत आत प्रिझम होती. चौथ्या आवृत्तीत रिअलटेकची चिप आली आणि कार्ड कार्डबस झालं. नाव तेच, आपल्याला मात्र निरुपयोगी. म्हणून विक्रेत्याकडून कार्डाच्या मागच्या बाजूचा फोटो मागवा. स्टिकरवर मॉडेलच्या पुढे बारीक अक्षरात ‘व्ही’ आणि आकडा असतो, तो वाचता आला पाहिजे. ‘फोटो नाही, पण चालतं भाऊ’ असं उत्तर आलं तर सोडून द्या.

चालणाऱ्या चिपांची तीन घराणी लक्षात ठेवा. इंटरसिलची प्रिझम २, २.५ आणि ३: हिच्यासाठी होस्टएपी किंवा ऑरिनोको ड्रायव्हर. ल्युसेंटची हर्मिस, जी ऑरिनोको कार्डांत असते: ऑरिनोको ड्रायव्हर. आणि सिम्बॉलची स्पेक्ट्रम२४, जी सॉकेट कंपनीच्या कमी वीज खाणाऱ्या सीएफ कार्डात आहे: स्पेक्ट्रम ड्रायव्हर, आणि त्याला फर्मवेअरची (कार्डाच्या आतल्या प्रोग्रॅमची) फाइल वेगळी पुरवावी लागते.

पर्याय असेल तर प्रिझम आणि होस्टएपी ही जोडी घ्या. कारण साधं आहे: होस्टएपी डब्ल्यूपीए२ चं कूटलेखन स्वतः, प्रोसेसरवर करून देतो. पण कार्डातलं स्टेशन फर्मवेअर १.७.० किंवा पुढचं हवं. त्याच्या खाली असेल तर फक्त डब्ल्यूईपी ही जुनी सुरक्षा, आणि ती २००१ पासून फुटलेली आहे.

कार्ड हातात आल्यावर

घरात जुना पीसीएमसीआयए खाचेचा लॅपटॉप असेल तर साध्या अडॅप्टरने सीएफ कार्ड आधी त्यात लावून बघा. कार्ड मेलेलं आहे की हँडहेल्ड अडतंय, हे तिथेच कळतं.

मग हँडहेल्डवर टर्मिनल उघडून ‘कार्डसीटीएल आयडेंट’ चालवा, २.६ कर्नल (लिनक्सचा गाभा) असेल तर ‘पीसीकार्डसीटीएल आयडेंट’. उत्तरात नावाच्या खाली ‘मॅनफिड’ म्हणून दोन क्रमांक येतात. ०१०४, ०००१ आले तर सॉकेटचं स्पेक्ट्रम कार्ड. डी६०१, ०००५ आले तर डी-लिंक डीसीएफ-६६० च्या कुळातलं प्रिझम. ०१५६, ०००२ आले तर जरा थांबा: हा एकच क्रमांक ल्युसेंटची ऑरिनोको आणि इंटरसिलची जुनी कार्डं, दोघंही सांगतात. तिथे वरची नावाची ओळ वाचूनच ठरवा.

क्रमांक दिसतो पण नेटवर्कचा इंटरफेस उभा राहत नाही, हा सगळ्यात नेहमीचा घोळ. २.४ कर्नलमध्ये ‘ईटीसी’तल्या ‘पीसीएमसीआयए’ फोल्डरातल्या कॉन्फ फाइलमध्ये आपल्या कार्डाची नोंद नसते म्हणून हे होतं. शेवटी तीन ओळी जोडा: ‘कार्ड’ आणि अवतरणात काहीही नाव, ‘मॅनफिड’ आणि ते दोन क्रमांक, ‘बाइंड’ आणि अवतरणात ड्रायव्हरचं नाव. फाइलची प्रत आधी काढून ठेवा. मग पीसीएमसीआयए सेवा बंद करून पुन्हा सुरू करा आणि कार्ड काढून घाला.

दुसरा घोळ म्हणजे दोन ड्रायव्हर एकाच कार्डावर झडप घालतात. ऑरिनोको आणि होस्टएपी दोन्ही हजर असतील तर प्रिझम कार्ड कधी याच्या हाती, कधी त्याच्या. इंटरफेसचं नाव ‘इथ’ने सुरू झालं तर ऑरिनोकोने धरलंय, ‘डब्ल्यूलॅन’ने तर होस्टएपीने. नको असलेल्याची नोंद कॉन्फमधून पुसा.

फर्मवेअर जुनं निघालं तर ‘प्रिझम२-एसरेक’ने नवं चढवता येतं, पण होस्टएपी ड्रायव्हर डाउनलोडची सोय चालू ठेवून बांधलेला हवा. आधी ‘आर’ पर्यायाने फक्त रॅममध्ये घाला. वीज गेली की ते पुसलं जातं, म्हणजे चूक झाली तरी कार्ड वाचतं. नीट चाललं तरच ‘एफ’ने कायमचं लिहा, आणि तेही हँडहेल्ड चार्जरला, चार्जर इन्व्हर्टरला लावून. भारनियमनाच्या वेळी अर्धवट लिहिलं गेलेलं कार्ड पुन्हा उठत नाही.

जोडणी ‘डब्ल्यूपीए सप्लिकंट’ या प्रोग्रॅमने करा. डब्ल्यूईपीशिवाय इलाजच नसेल, तर एखादा जुना राउटर निराळा लावून त्यावर फक्त हाच हँडहेल्ड ठेवा आणि घरच्या संगणकांपर्यंत त्याला वाट देऊ नका. डब्ल्यूईपीची १०४ बिटांची किल्ली १३ अक्षरांची किंवा २६ हेक्स आकड्यांची असते. एखादं अक्षर कमीजास्त झालं तर जोडणी झाल्यासारखी दिसते, पण आयपी पत्ता येत नाही.

कार्ड चालू असताना बॅटरी भराभर उतरते आणि ते चांगलंच गरम होतं. परभणी-नांदेडकडच्या मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली बसून मोठी फाइल उतरवायला घेऊ नका. काम झालं की ‘कार्डसीटीएल इजेक्ट’ चालवून मगच कार्ड बाहेर ओढा, आणि खाच रिकामी असेल तेव्हा तिच्यासोबत आलेलं प्लास्टिकचं डमी आत सरकवून ठेवा, कारण पिनांवर धूळ बसली की कधी ओळखतं, कधी नाही असा खेळ सुरू होतो.